समजून घ्या : अब्दुल करीम खाँ यांचा सूर 'सेव्ह' करण्याचा सांगली-साताऱ्याचा प्रयोग

म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये मनासारखा जुळलेला आवाज प्रीसेट म्हणून सेव्ह केला, की पुन्हा नॉब फिरवत बसावे लागत नाही. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांच्या सुरांबाबत असा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वीच झाला होता.

कैराना येथे जन्मलेले खाँसाहेब पुढे मिरजेचे झाले. अडचण होती पेटीची. तिच्या सप्तकात पट्ट्या १२, तर शास्त्रात श्रुती २२. दरबारीचा कोमल गंधार पेटीतल्या पट्टीपेक्षा खालचा. तो वाजवायचा कुठे? सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची प्रमाणे गणिताने मांडली, १९१० मध्ये पुस्तक काढले. पडताळणीला खाँसाहेबांचा गळा होता. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्सही यात उतरले आणि लंडनच्या कारागिरांकडून जादा स्वरांची श्रुती हार्मोनियम तयार झाली.

१९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत मात्र ती जाणकारांच्या पसंतीस उतरली नाही. प्रीसेट एका जागी थांबतो, दरबारीचा गंधार आंदोलन घेतो. पट्ट्या वाढवून ते कसे साधणार?

खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले, सवाई गंधर्वांसारखे शिष्य घडवले. १९३७ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यात, रेल्वे प्रवासातच त्यांचे निधन झाले. दफन मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झाले. तिथे दरवर्षी त्यांच्या स्मृतीत गायक हजेरी लावतात. त्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आज मोबाइलवरही ऐकता येतात.