इब्राहिमखान गारदी

गोराईच्या किनाऱ्याने उत्तरेकडे गेले, की उत्तन लागते. त्यापुढे खाडी आहे आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी हा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला. किल्ल्याचे जाड तट नुसत्या तोफांनी पडेनात, म्हणून मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले, त्यांत दारू ठासली आणि बुरूज उडवले. याच चिमाजी अप्पांचे पुत्र म्हणजे सदाशिवरावभाऊ. उत्तम तोफखान्याचे मोल भाऊंनी ओळखले होते. तो तोफखाना ज्याने सांभाळला, त्या इब्राहिमखान गारदी या शूर सरदाराची ओळख आज आपण करून घेऊ.

त्या काळी बुसी नावाचा फ्रेंच सेनापती हैदराबादच्या निजामाच्या दरबारी होता. त्याच्या हाताखाली इब्राहिमखान युद्धकला शिकला. रांगेत उभे राहणे, हुकूम होताच एकदम बंदुका झाडणे, तोफा झटपट भरणे अशी कवायत तो शिपायांकडून करून घेई. अशा कवायती शिपायांना गारदी म्हणत. पुढे इब्राहिमखानाने निजामाची चाकरी सोडली आणि तो भाऊंकडे आला.

तोफ कशी चालत असे, ते तुम्हांला माहीत आहे का? सोरा, गंधक आणि कोळसा यांपासून दारू बनवत. हीच तुमच्या उर्दूतील बारूद. तोफेच्या तोंडातून आधी दारू आणि मग गोळा ठासत. मागच्या बाजूच्या बारीक छिद्रात थोडी दारू घालून तिला बत्ती देत. हे काम करणारा तो गोलंदाज. हा शब्द आता तुम्ही क्रिकेटमध्ये ऐकता!

गोळेही निरनिराळे असत. भरीव लोखंडी गोळा फुटत नसे. तो जमिनीवर टप्पे घेत जाई आणि वाटेत येणारी माणसे व घोडे लोळवी. शत्रू जवळ आला, की तोफेत छर्रे भरत. ते सुटताच चहूकडे पसरत. कुलपी गोळा आतून पोकळ असे. त्यात दारू भरलेली असल्यामुळे तो पडल्यावर फुटे. किती अंतरावर कोणता गोळा टाकायचा, हे ओळखणे हेच गोलंदाजाचे कसब होते.

फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरच्या लढाईत हे कसब दिसले. इब्राहिमखानाच्या तोफांपुढे निजामाच्या फौजेचा टिकाव लागला नाही. त्याच वर्षी भाऊ उत्तरेत गेले. तेथे इब्राहिमखानाने यमुनेच्या वाळूत तोफा मांडून दिल्लीच्या लाल किल्ल्यावर मारा केला. आतल्या महालांचे नुकसान झाले, पण तट उभाच राहिला. अखेर आतील धान्य संपत आल्यावर किल्ला मराठ्यांच्या हाती आला. ऑक्टोबरमध्ये मराठ्यांनी कुंजपुरा जिंकला. तेथेही हा तोफखाना उपयोगी पडला.

यानंतर पानिपतावर अहमदशाह अब्दालीची फौज समोर आली. इब्राहिमखानाने भाऊंना गोलाच्या लढाईचा सल्ला दिला. तोफा व गारदी पुढे राहतील, स्वार आपापली जागा धरतील आणि बायका-मुले व यात्रेकरू मध्ये सुरक्षित राहतील, अशी ही योजना होती. मल्हारराव होळकरांना गनिमी कावाच योग्य वाटत होता. पण भाऊंनी इब्राहिमखानाचे ऐकले. अब्दालीने या छावणीची रसद तोडली. सुमारे अडीच महिने गेले आणि माणसे व जनावरे उपाशी मरू लागली.

१४ जानेवारी १७६१ रोजी सकाळी मराठे लढाईस निघाले. इब्राहिमखान आपल्या शिपायांच्या पगाराबद्दल फार काटेकोर असे. त्या दिवशी त्याने भाऊंना मुजरा केला आणि घेतलेल्या पगाराचे आज चीज करून दाखवू, असे सांगितले. शुजाउद्दौलाच्या छावणीत असलेल्या काशीराजाने ही हकिकत लिहून ठेवली आहे.

मराठ्यांच्या तोफा मोठ्या आणि जड होत्या. त्यांचे तोंड लवकर खालीवर करता येत नसे. त्यामुळे दोन्ही फौजा जवळ येताच गोळे शत्रूच्या डोक्यावरून जाऊ लागले. तेव्हा इब्राहिमखानाने गोळीबार थांबवला आणि गारद्यांना संगिनी रोखून पुढे नेले. समोर रोहिल्यांची फौज होती. सुमारे तीन तास घनघोर लढाई झाली. हजारो रोहिले पडले, पण गारद्यांच्या पलटणीही जवळजवळ नाहीशा झाल्या. आपलेच लोक पुढे गेल्यामुळे मागच्या तोफा मुक्या झाल्या होत्या. आपली माणसे समोर असताना गोलंदाज बत्ती कशी देणार? स्वारांनीही जागा सोडली आणि गोल मोडला, असे इतिहासकार सांगतात. उलट, अब्दालीच्या शुतरनाळा, म्हणजे उंटांवरील लहान तोफा, लागेल तिकडे वळत होत्या. दुपारनंतर विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले आणि मराठ्यांचा पराभव झाला.

इब्राहिमखान घायाळ होऊन शत्रूच्या हाती सापडला. शुजाउद्दौलाने त्याला आसरा दिला, पण अब्दालीच्या लोकांनी त्याला मागून घेतले. कैदेतच त्याचा अंत झाला.

मुलांनो, लढाईपूर्वी अब्दालीने धर्माच्या नावाने त्याला आपल्याकडे वळवण्याचा प्रयत्न केला होता, असे सांगतात. छावणीत अन्न नव्हते. मनात आणले असते, तर तो जीव वाचवून जाऊ शकला असता. पण तो गेला नाही. ज्यांना शब्द दिला, त्यांच्या बाजूला तो अखेरपर्यंत उभा राहिला. अशा माणसाला उर्दूत नमकहलाल म्हणतात. मराठीत आपण म्हणतो, तो खाल्ल्या मिठाला जागला.