टेंभूचा संपादक : गोपाळ गणेश आगरकर



आपल्या विहाराच्या स्मरणिकेत बाबासाहेबांवर, जोतीरावांवर, शाहू महाराजांवर लेख येतात आणि ते आलेच पाहिजेत. यंदा मी गोपाळ गणेश आगरकरांचं चरित्र लिहायला घेतलं, तेव्हा काही मंडळींना नवल वाटलं. आगरकर जन्माने ब्राह्मण, आपल्या चळवळीतले नव्हेत, मग विहाराच्या पुस्तकात त्यांचं काय काम? तर काम आहे. वर्तमानपत्राचं तोंड सरकार कसं दाबतं हे त्यांनी तुरुंगात जाऊन पाहिलं. आणि सरकार बाजूला राहिलं तरी पत्राचे भागीदार, वर्गणीदार आणि जातभाई मिळून तेच तोंड कसं दाबतात, हेही त्यांनीच पाहिलं. दोन्ही अनुभव एकाच माणसाच्या वाट्याला आले, आणि तो माणूस आपल्या सातारा जिल्ह्यातला.

सांगलीकडे आज टेंभू म्हटलं की उपसा सिंचन योजना आठवते. आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ या दुष्काळी भागाला ज्या गावापासून कृष्णेचं पाणी उचलून दिलं जातं, तेच हे कराडजवळचं टेंभू. तिथे १४ जुलै १८५६ रोजी आगरकर जन्मले. जात वरची, पण घरात दारिद्र्य. जात वरची म्हणून पोट भरलेलंच असतं असं नाही. फरक एवढाच, की गरीब ब्राह्मणाच्या पोराला शाळेच्या दारात कोणी अडवत नव्हतं, आपल्या पोराला अडवत होते. कराडात शिक्षण सुरू झालं, मामलेदार कचेरीत उमेदवारी झाली, कंपाउंडरचं काम झालं, शिकण्यासाठी रत्नागिरीपर्यंत पायपीट झाली. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने ते वऱ्हाडात अकोल्याला पोचले आणि १८७५ साली मॅट्रिक झाले. पुढे पुण्याचं डेक्कन कॉलेज. तिथे अंगात घालायला एकच सदरा. रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. शिक्षण पुरं होत आलं तेव्हा त्यांनी आईला पत्राने कळवून टाकलं, की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नये, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामाला देणार आहे. त्या माउलीने काय काय सोसलं असेल, त्याचा हिशोब कुठल्या चरित्रात येत नाही.

आता त्या काळचं सरकार कसं होतं ते पाहू. १८७६ ते १८७८ या सालांत आपल्या या मुलखात मोठा दुष्काळ पडला. माणसं खडी फोडायच्या कामावर मरत होती आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत राणीच्या नावाने दरबार भरवला. देशी भाषांतली पत्रं सरकारच्या अशा कारभारावर टीका करू लागली. म्हणून लिटनने १८७८ साली देशी वृत्तपत्रांचा कायदा आणला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. मॅजिस्ट्रेटने छापखानदाराकडून हमी लिहून घ्यायची, अनामत रक्कम ठेवून घ्यायची. सरकारला न रुचणारं काही छापलं की अनामत जप्त. पुन्हा छापलं की छापखानाच जप्त. आणि याच्यावर कोर्टात अपील नाही! इंग्रजी पत्रांना मात्र हा कायदा लागू नव्हता. इंग्रजीत टीका केली तर ती साहेब आणि शिकलेले लोकच वाचणार, पण मराठीत केली तर ती चावडीवर वाचली जाणार, हे सरकारला चांगलं कळत होतं. कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिका'ने या कायद्यातून सुटण्यासाठी पत्रच बंगालीतून इंग्रजीत आणलं.

असल्या काळात विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर वगैरे मंडळींनी १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं आणि जानेवारी १८८१ मध्ये इंग्रजी 'मराठा' व मराठी 'केसरी' ही दोन पत्रं सुरू केली. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. आपल्याकडे पुष्कळांना वाटतं, की 'केसरी' पहिल्यापासून टिळकांनी चालवला. तसं नाही. १८८७ पर्यंत संपादकाच्या खुर्चीत आगरकर होते.

एक गोष्ट मी गिरणी कामगार म्हणून मुद्दाम सांगतो. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालच्या पोरांना कामावर घ्यायचं नाही आणि बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना रोज नऊ तासांच्या वर राबवायचं नाही, एवढाच तो कायदा. तरी बहुतेक देशी पत्रं त्याच्या विरोधात गेली, कारण गिरण्या आपल्या लोकांच्या आणि कायद्याची मागणी मँचेस्टरवाल्यांची. आगरकरांच्या प्रभावाखालचा 'मराठा' त्याला अपवाद होता. त्याने कामगारांची बाजू घेतली आणि मालकांनी सवलती द्याव्यात असं लिहिलं. पुढे तीच बाजू नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधु'तून लावून धरली. आमच्या सूतगिरणीत थकलेल्या पगारासाठी मोर्चा निघाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी एका पत्रात व्यवस्थापनाची नोटीस पाव पान आणि आमचा मोर्चा तीन ओळी होता. कोणीही कुणाला दम दिलेला नव्हता. जाहिरातीचा दर भरला की पुरतं. त्यामुळे १८८१ सालच्या त्या लिखाणाची किंमत मला जरा जास्त कळते.

मग आलं कोल्हापूरचं प्रकरण. गादीवर चौथे शिवाजी महाराज, वयाने तरुण. त्यांना वेड लागलं आहे असं ठरवून कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हातात होता. महाराजांचा छळ होतो आहे अशा बातम्या बाहेर येत होत्या आणि दक्षिण महाराष्ट्रातली रयत हळहळत होती. 'केसरी' आणि 'मराठा'ने यावर कडक लिहिलं. बर्व्यांची म्हणून काही पत्रंही त्यांच्या हाती आली होती, त्यांच्या भरवशावर लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. इथे मी संपादकांची चूक झाकणार नाही. हाती आलेला कागद खरा की खोटा हे आधी तपासायला हवं होतं. त्यांनी माफीही मागितली. पण माफीने भागलं नाही. १७ जुलै १८८२ रोजी आगरकर आणि टिळक दोघांना चार महिने साध्या कैदेची शिक्षा झाली.

गंमत अशी, की लिटनचा कायदा लॉर्ड रिपनने त्याच १८८२ साली रद्द केला होता. म्हणजे तोंड दाबायचा खास कायदा गेला आणि त्याच वर्षी संपादक तुरुंगात गेले, तेही साध्या, नेहमीच्या कायद्याने. आणि ज्या महाराजांसाठी हे सगळं झालं, ते २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरला नजरकैदेत असताना ग्रीन नावाच्या गोऱ्या सोल्जराशी झालेल्या झटापटीत मेले. पत्रं खोटी होती, पण महाराजांच्या जिवाची काळजी खोटी नव्हती.

या खटल्यात जामिनाला दहा हजार रुपये लागत होते. ते कोणी उभे केले? महात्मा फुल्यांच्या सांगण्यावरून सत्यशोधक समाजाचे रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी. ज्या चिपळूणकरांनी आपल्या निबंधमालेत जोतीरावांची टिंगल केली, त्यांचेच हे साथीदार. तरी जोतीरावांनी हात आखडता घेतला नाही. कारण सरकारच्या दिवाणाविरुद्ध लिहिलं म्हणून संपादक तुरुंगात जाणार असेल, तर तो संपादक कोणत्या जातीचा हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. एकशे एक दिवसांनी, २६ ऑक्टोबर १८८२ ला दोघे डोंगरीच्या तुरुंगातून सुटले, तेव्हा त्यांच्या सत्कारातही सत्यशोधक मंडळी पुढे होती.

तुरुंगात आगरकरांनी वेळ फुकट घालवला नाही. शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाचं मराठी रूपांतर केलं, ते पुढे 'विकारविलसित' म्हणून छापलं गेलं. डोंगरीतल्या एकशे एक दिवसांवर पुस्तकही लिहिलं. टिळक आणि ते एकाच कोठडीत रात्री उशिरापर्यंत वाद घालत बसत. तेव्हा ते जिवाभावाचे मित्र होते.

सुटून आल्यावर दुसरी कैद सुरू झाली, आणि तिला मुदत नव्हती. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज निघालं. शाळा, कॉलेज, पत्र, सगळं एकाच मंडळींच्या हातात. आगरकरांना बालविवाह, विधवांचं केशवपन, जातिभेद यांवर लिहायचं होतं. भागीदारांना ते नको होतं. म्हणजे पाहा, संपादक आगरकर, पण समाजाच्या प्रश्नावर पत्राचं मत आगरकरांचं नाही! रखमाबाईंच्या खटल्यात हे पुरतं उघडं पडलं. रखमाबाई ही मुंबईची मुलगी. अकराव्या वर्षी लग्न लागलेलं, वयात आल्यावर तिने नवऱ्याकडे जायला नकार दिला. १८८४ ला नवऱ्याने दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने फर्मावलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करते म्हणून सांगितलं. टिळकांनी धर्माची आणि नवऱ्याच्या हक्काची बाजू धरली, आगरकरांनी त्या मुलीची. ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले. ज्या पत्रासाठी तुरुंगात गेले, त्याच पत्रात त्यांना मनासारखं लिहायला जागा राहिली नाही. (रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या, हेही सांगून ठेवतो.)

वर्षभराने, ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी स्वतःचा 'सुधारक' काढला. मराठी बाजू ते सांभाळत, इंग्रजी बाजूला गोपाळ कृष्ण गोखले होते. इथे मात्र लेखणी मोकळी सुटली. मुलामुलींना एकत्र शिकवा, विधवेचं डोकं भादरणं बंद करा, शास्त्रात आहे म्हणून काही मानू नका, बुद्धीला पटेल ते माना, असं ते आठवड्याला लिहीत. परकी राज्यात देश कसा भिकेला लागतो आहे, हेही त्याच पत्रात लिहीत. म्हणून त्यांना सरकारधार्जिणे म्हणणं खोटं आहे. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, मुलीचं वय दहावरून बारा करणारा. त्याच्या आदल्या साली कलकत्त्याला फुलमणी नावाची कोवळी पोर नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. तरी परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून 'केसरी'ने गदारोळ केला. 'सुधारक' कायद्याच्या बाजूने उभा राहिला. पुण्याच्या सनातनी मंडळींनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. सरकारने शिक्षा केली तेव्हा सुटकेच्या दिवशी सत्कार झाले होते. समाजाने शिक्षा केली तेव्हा हार घालायला कोण येणार?

आगरकरांनी अस्पृश्यतेवर जेवढं लिहायला हवं होतं तेवढं लिहिलं नाही, असं माझं मत आहे. त्यांचा वाचक पांढरपेशा होता आणि त्यांची नजर बरीचशी त्याच घरांत फिरत होती. पण महाडजवळच्या रावढूळचे आपले गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतून निवृत्त झालेले, 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे, त्यांचं लिखाण 'दीनबंधु'त आलं तसं 'सुधारक'मध्येही आलं. त्या काळात पुण्याच्या पत्रात महाराच्या लेखणीला जागा मिळणं ही लहान गोष्ट नव्हती.

त्यांना दमा होता, तो वाढत गेला. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले, पण पत्र सोडलं नाही. घरी पत्नी यशोदाबाई, माहेर आपल्या उंब्रजचं, जुन्या वळणाच्या, देवधर्म करणाऱ्या. नवरा देव न मानणारा. तरी त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाला एकोणचाळीस पुरी व्हायच्या आत, ते गेले. आपल्या अंत्यविधीला कोणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते.

त्यांच्या टेंभूजवळच्या कराडातच डिसेंबर १९७५ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं. आणीबाणी चालू होती, पत्रांवर सेन्सॉर बसलेला होता. पुष्कळ पत्रं सांगण्याआधीच वाकली होती. त्या संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या.

आगरकर गेल्यावर 'केसरी' वाढत राहिला. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी मुंबईत परळहून 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊन छापा अशी विनंती 'केसरी'ला केली होती. टिळक तेव्हा हयात होते. 'केसरी'ने पैसे देऊनही जाहिरात घेतली नाही. सरकारचा कुठला हुकूम त्याच्या आड नव्हता. 'मूकनायक'साठी अडीच हजार रुपये आले ते कोल्हापूरहून, शाहू महाराजांकडून. नगरला मेलेल्या त्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या गादीवर १८८४ साली दत्तक आले ते हेच शाहू महाराज.