रस्त्यातली माणसे काढणारे चित्रकार धुरंधर



शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे एक रंगीत चित्र पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. ते रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी काढले. पण मला त्यांची साध्या माणसांची चित्रे जास्त आवडतात, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहितो.

धुरंधरांचा जन्म 18 मार्च 1867 रोजी कोल्हापूर येथे झाला. 1890 च्या जानेवारीत ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे तेव्हा प्लॅस्टरचे ग्रीक पुतळे समोर ठेवून हुबेहूब काढायला लावत. नाक, कान, हात, सगळं अगदी मापात. धुरंधर त्यात पटाईत झाले. 1896 साली ते तिथेच शिक्षक झाले.

पण पुतळा हलत नाही आणि त्याला घामही येत नाही! मुंबईत तर जो तो घाईत. धुरंधरांनी ही घाईतली माणसे टिपली. कोळणी, फेरीवाले, तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या घातलेले लोक, घरकामात गुंतलेल्या बायका. ज्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही, ती माणसे त्यांच्या कागदावर आली. त्यांची चित्रे पोस्टकार्डांवरही छापली गेली. म्हणजे चित्र टपालाने घरी येणार. काय मजा!

1912 साली मुंबईच्या गल्लीबोळांवरच्या एका इंग्रजी पुस्तकात त्यांची चित्रे आली. सिद्दी लोक, मोहरम असे त्यातले विषय. आणि पुस्तक लिहिणारे एडवर्ड्स साहेब कोण, तर मुंबईचे पोलीस कमिशनर! पुढे 1920 मध्ये भारतातल्या स्त्रियांवरच्या रॉथफील्ड यांच्या पुस्तकासाठीही त्यांनी चित्रे काढली.

धुरंधरांचे घर खारला होते. खार म्हणजे मुंबईचे उपनगर, वांद्र्याच्या पुढचे. माझा मामा तिथून जवळच, अंधेरीला राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी वही घेऊनच गेलो. खारदांड्याला बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते. लांबून तोरणं बांधल्यासारखी दिसत होती, फक्त वास तोरणाचा नव्हता. मामाच्या चाळीच्या भिंतीवर गेल्या पावसाळ्यातल्या ओघळांचे डाग होते, त्यात मला फांद्या पसरलेलं झाड सापडलं. ते निवांत काढता आलं. पण अंधेरी स्टेशनात डोक्यावर डब्यांची लांब पाटी घेतलेला डबेवाला दिसला, आणि मी पेन्सिल टेकवेपर्यंत तो गर्दीत गेलासुद्धा! मान कशी ताठ होती, हात कुठे होता, सगळं डोक्यात ठेवून काढावं लागलं. धुरंधर असं वर्षानुवर्षे करत होते.

त्यांनी काढलेल्या कितीतरी पगड्या आता कोणाच्या डोक्यावर दिसत नाहीत. त्यांच्या वेळच्या ट्रामगाड्याही 1964 साली बंद झाल्या. त्या वेळची माणसे कशी चालत, कशी बसत, हे मात्र चित्रांत बघायला मिळते.

1930 मध्ये ते कलाशाळेचे संचालक झाले. या जागेवर बसणारे ते पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. 1940 साली ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिले. 1 जून 1944 रोजी ते वारले. त्यांची मुलगी अंबिकाताई याही जे. जे. मध्ये शिकून चित्रकार झाल्या. 2009 पर्यंत त्या होत्या. वडिलांची चित्रे त्यांनी जपून ठेवली.