कळ दाबली की उजेड

रात्री दोन-अडीचला जाग येते. घरात सगळे झोपलेले असतात. उशाशी ठेवलेलं मनगटी घड्याळ चाचपून आपण त्याच्या कडेची बारीक कळ दाबतो, आकडे क्षणभर उजळतात, उठायला अजून अवकाश आहे एवढं कळतं आणि तो उजेड आपला आपणच विझतो. शेजारी झोपलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. हवा तेव्हा, हवा तेवढा आणि हवा तेवढाच वेळ मिळणारा हा उजेड आता इतका अंगवळणी पडलाय की त्याचं कुणाला काही वाटत नाही.

आपल्या आधीच्या पिढीला ही सोय नव्हती. त्यांच्यातल्या हौशी माणसांकडे रेडियमचं घड्याळ असे. आकड्यांवर आणि काट्यांवर रेडियम मिसळलेल्या रंगाचा लेप असायचा आणि तो हिरवट प्रकाश देत राहायचा, कुणी बघो न बघो. तो बंद करायची कळच नव्हती. हा रंग भरणाऱ्या अमेरिकेतल्या कारखान्यांतल्या मुली ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत. १९२० च्या दशकात त्यांच्यातल्या कित्येकींच्या जबड्याची हाडं सडली, काही जणी ऐन तारुण्यात गेल्या. घड्याळातून रेडियम पुढे हद्दपार झालं, शब्द मात्र मराठीत ठाण मांडून बसला. ट्रकच्या मागची चमकणारी पट्टी, सायकलच्या मडगार्डवरचा तुकडा, सगळ्याला आपण अजूनही रेडियमच म्हणतो. त्यात रेडियमचा कणसुद्धा नसतो!

तर रेडियमचा तो हट्टी उजेड आणि कळ दाबली की हुकूम मानणारा हा आज्ञाधारक उजेड, या दोहोंत फरक आहे. ज्या माणसानं हा दुसरा उजेड सर्वांत आधी नीट ओळखला, मोजला आणि कामाला लावायचा विचार केला, त्याचं नाव ओलेग व्लादिमिरोविच लोसेव्ह. एलईडीचा कुठलाही इतिहास उघडा, पहिल्या पानांवर तो भेटतो. एकेकाळी तर रेडिओच्या हौशी मंडळींत त्याचं नाव युरोप-अमेरिकेत दुमदुमत होतं. तेव्हा त्याचं वय होतं एकवीस.

लोसेव्ह जन्मला १० मे १९०३ रोजी, रशियात, व्होल्गा नदीकाठच्या त्वेर या गावी. वडील झारच्या सैन्यातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले आणि नंतर रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात कचेरीची नोकरी करणारे. मुलगा शाळेत असताना त्वेरच्या लष्करी बिनतारी केंद्राच्या प्रमुखाचं जाहीर व्याख्यान ऐकायला गेला आणि तिथेच अडकला. त्या केंद्रात बोंच-ब्रुयेविच नावाचे हुशार इंजिनियर रेडिओचे व्हॉल्व्ह तयार करण्याच्या खटपटीत होते, प्रोफेसर लेबेदिन्स्की तिथे येत-जात. पोरगा त्यांच्या अवतीभवती घुटमळू लागला. मग क्रांती झाली आणि १९१८ साली ती सगळी मंडळी निझ्नी नोव्हगोरोदला नव्या रेडिओ प्रयोगशाळेत गेली. लोसेव्हनं शाळा संपवली, कॉलेजात जायचं ठरवलं आणि ते सोडून १९२० मध्ये तोही तिकडेच गेला.

पदवी नाही, अनुभव नाही. अशा मुलाला कुठली जागा द्यायची? कागदपत्रं इकडून तिकडे पोचवणाऱ्या शिपायाची. आमच्या बँकेच्या भाषेत सबस्टाफ! राहायला इमारतीच्या माळ्याखालचा जिन्याचा कट्टा. मी बँकेत उभी हयात काढली, तेव्हा एवढं नक्की सांगतो की कुठल्याही कचेरीत एखादा तरी शिपाई असतो ज्याला साहेबापेक्षा जास्त कळतं, आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ते लिहायला रकाना नसतो. निझ्नीच्या प्रयोगशाळेचं भाग्य एवढंच की तिथल्या साहेबांनी या शिपायाच्या हाती प्रयोगाचं टेबलही दिलं.

त्या काळचा साधा रेडिओ म्हणजे खनिजाचा एक खडा आणि त्यावर टेकवलेली बारीक तार. याला डिटेक्टर म्हणत. (आपल्या जगदीशचंद्र बोसांना अशाच, गॅलेना खनिजाच्या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळालं होतं.) तार खड्यावर फिरवत राहायची, नेमका बिंदू सापडला की कानाला लावलेल्या फोनमध्ये आवाज येई. पण अगदी क्षीण. आवाज वाढवायचा तर व्हॉल्व्ह हवेत, आणि ते महाग, नाजूक आणि बॅटरी खाणारे. लोसेव्हनं जानेवारी १९२२ मध्ये झिंकाइट नावाच्या खड्यावर तार टेकवून बॅटरीचा थोडा दाब दिला, तेव्हा तो नुसता खडा व्हॉल्व्हसारखा लहरी निर्माण करू लागला, आवाज वाढवू लागला. अठरा वर्षांच्या मुलाचं हे काम! १९२४ मध्ये अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या ‘रेडिओ न्यूज’ मासिकानं त्याचा मोठा गाजावाजा केला आणि त्याला ‘क्रिस्टोडाइन’ असं नावही दिलं. फ्रान्स-इंग्लंडातले हौशी लोक घरोघर तसले संच जुळवू लागले. ट्रान्झिस्टरचा जन्म व्हायला अजून तेवीस वर्षं होती, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या खड्याचं मोल कळतं. पुढे व्हॉल्व्ह स्वस्त झाले आणि लहरी स्वभावाचा तो खडा मागे पडला.

माझ्या मते मात्र लोसेव्हचं खरं मोठेपण दुसऱ्या खड्यात आहे. तो कार्बोरंडमचा. चाकू-कात्रीला धार लावायच्या चाकात असतो, तोच पदार्थ. १९२३ साली डिटेक्टर तपासताना त्याला दिसलं की करंट सोडल्यावर तार टेकलेल्या जागी इवलासा उजेड पडतो. हे याआधीही कुणाला दिसलं नव्हतं असं नाही. मार्कोनींच्या हाताखालचे हेन्री राउंड यांनी १९०७ मध्ये दोन छोट्या परिच्छेदांची टीप छापून ते सांगितलं होतं आणि ते आपल्या कामाला निघून गेले होते. लोसेव्ह निघून गेला नाही. तो त्या ठिपक्यापाशी जवळजवळ अठरा वर्षं बसला.

पहिला प्रश्न साधा होता: हा उजेड गरम की थंड? बल्बमधली तार तापते म्हणून प्रकाश देते, तसंच हे असेल तर त्यात नवं काय? यावर त्यानं केलेली परीक्षा आपल्याला स्वयंपाकघरातही समजेल अशी आहे. चमकणाऱ्या खड्यावर बेन्झिनचा थेंब टाकला. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब कसा चुरकन उडतो! इथे तो थेंब एरवी जितक्या सावकाश उडाला असता तितक्याच सावकाश उडाला. म्हणजे हा तापण्याचा उजेड नव्हे. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघून, खडे घासून त्यानं दाखवलं की प्रकाश केसाहूनही कितीतरी पातळ अशा एका थरातून येतो. प्रकाश पडला की वीज निर्माण होण्याचा जो चमत्कार आइनस्टाइननं उलगडला होता, त्याचीच ही उलटी बाजू असावी, असं त्याचं अनुमान होतं. त्यानं आइनस्टाइनला पत्र लिहून सल्ला मागितल्याचं सांगतात. उत्तर आलं नाही.

दुसरा प्रश्न मला त्याहून मोलाचा वाटतो. हा उजेड किती चपळ आहे? बल्ब बंद केला तरी तार निवायला थोडा वेळ घेतेच. लोसेव्हचा ठिपका करंटबरोबर लागे आणि करंटबरोबर विझे, सेकंदाला हजारो वेळा केलं तरी. १९२७ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला तो दिवा म्हणून नव्हे. मंद ठिपक्यानं खोली उजळणार नाही, हे त्याला दिसत होतं. अर्ज होता ‘प्रकाश-रिले’चा, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर क्षणात उघडझाप करणाऱ्या प्रकाशाचा. त्यानं वेगानं तारा पाठवता येतील, आवाज आणि चित्रं धाडता येतील, असं त्यात म्हटलं होतं. सगळे जण प्रकाश मोठा कसा होईल बघत होते, हा बघत होता प्रकाश ऐकेल कसा. पेटंट १९२९ मध्ये मिळालं. त्याच्या आधी, १९२८ साली, लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’नं त्याचा लेख छापला होता.

या चपळाईचा घड्याळाशी संबंध काय, ते इथेच सांगून टाकतो. १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी लाल प्रकाशाचा एलईडी केला आणि दहा वर्षांत तो मनगटावर आला. हॅमिल्टन कंपनीचं ‘पल्सर’ १९७२ मध्ये विक्रीला आलं, अठरा कॅरट सोन्याचं, किंमत २१०० डॉलर. त्यात तेव्हा छोटी मोटार आली असती. काचेवर एरवी नुसता काळोख. कळ दाबली की लाल आकडे, सोडली की पुन्हा काळोख. कारण सतत पेटते ठेवले तर बॅटरी बघता बघता संपली असती. त्यामुळे एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असलेल्या माणसाला वेळ कळायची पंचाईत! पण त्याच घड्याळात भोवतालचा प्रकाश जोखणारा एक डोळाही होता. उन्हात आकडे प्रखर होत, अंधारात सौम्य. प्रकाश सौम्य करायची आजची सर्वत्र रुळलेली युक्ती अशी की दिवा सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करायचा. चालू वेळ कमी ठेवला की डोळ्याला उजेड मंद वाटतो. निवायला वेळ घेणाऱ्या बल्बला हे असं जमत नाही. लोसेव्हच्या ठिपक्याला जमतं. लाल आकडे पुढे घड्याळातून गेले, कमी वीज खाणारे काळे आकडे आले, आणि एलईडी त्यांच्या मागे किंवा कडेला जाऊन बसला, कळेची वाट बघत. आमच्या शाखेत कॅशियरच्या पिंजऱ्यावर टोकनचे लाल आकडे लुकलुकायला लागले, तेव्हा पितळी बिल्ला घट्ट धरून त्यांच्याकडे टक लावून बसलेली म्हातारी माणसं मला अजून आठवतात.

लोसेव्हनं यातलं काहीच पाहिलं नाही. १९२८ मध्ये निझ्नीची प्रयोगशाळा मोडून लोकांना लेनिनग्राडला नेलं, तिथे त्याची जागा कधी या संस्थेत, कधी त्या. पेटंटं आणि डझनाहून जास्त लेख नावावर असलेला हा माणूस कागदोपत्री बिनपदवीचाच. अखेर १९३८ साली योफे यांच्या संस्थेनं प्रबंधाची परीक्षा न घेता त्याला कँडिडेटची पदवी दिली. तोवर तो लेनिनग्राडच्या पहिल्या वैद्यकीय महाविद्यालयात भावी डॉक्टरांना फिजिक्स शिकवायला लागला होता. फावल्या वेळात काम खड्यांचंच. आता त्याचं लक्ष सिलिकॉनकडे वळलं होतं.

१९४१ च्या जूनमध्ये जर्मन सैन्य रशियात घुसलं आणि ८ सप्टेंबरला लेनिनग्राडला वेढा पडला. योफे यांची संस्था कझानला हलवली गेली, लोसेव्ह शहरातच राहिला. जखमेत रुतलेले धातूचे तुकडे शोधायचं उपकरण, आगीची सूचना देणारं यंत्र, अशा कामांना त्यानं हात घातला. २० नोव्हेंबरपासून कचेरीतल्या माणसांचा पावाचा रोजचा शिधा १२५ ग्रॅमवर आला, आणि त्या पावातही भुस्सा नि काय काय मिसळलेलं. आपल्या घरातली एक भाकरी त्यापेक्षा फारशी हलकी नसते. दिवसभराचं जेवण म्हणजे तेवढं! नळाला पाणी नाही, घरांत वीज नाही, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. लाखोंची वस्ती रात्री ठार अंधारात बसलेली.

ओलेग लोसेव्ह २२ जानेवारी १९४२ रोजी, जिथे शिकवत होता त्याच महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेला. वय अडतीस. कारण, उपासमार. सिलिकॉनवरचा जो लेख त्यानं १९४१ मध्ये छापायला दिला होता, तो त्या धामधुमीत कुठेतरी गहाळ झाला. त्याचं हस्तलिखित आजवर कुणाला सापडलेलं नाही.