विलोबी वॉलेस हूपर : दुष्काळाचा छायाचित्रकार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात वावरलेल्या युरोपीय छायाचित्रकारांत विलोबी वॉलेस हूपर (१८३७–१९१२) याचे स्थान इतरांहून वेगळे आहे. सॅम्युएल बोर्न याचे नाव हिमालयाच्या दृश्यांमुळे, लिनियस ट्राइप याचे दक्षिणेतील मंदिरांच्या चित्रांमुळे घेतले जाते. हूपरचे नाव मात्र उपासमारीने अस्थिपंजर झालेल्या माणसांच्या चित्रांशी कायमचे जोडले गेले आहे. १८७६ ते १८७८ या काळात मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्याचा दख्खन भाग यांना ग्रासणाऱ्या महादुष्काळाची जी छायाचित्रे आज इतिहासग्रंथांतून व संग्रहालयांतून वारंवार समोर येतात, त्यांतील बहुतेक त्याच्या कॅमेऱ्यातून उतरलेली आहेत. या चित्रांचा विचार बहुधा दुष्काळाचा पुरावा म्हणून केला जातो. परंतु ती काढणाऱ्या माणसाच्या उर्वरित आयुष्यापासून त्यांना वेगळे काढले, तर त्यांचा अर्थ अपुरा राहतो.

हूपरचा जन्म लंडनच्या दक्षिण भागातील केनिंग्टन येथे १८३७ साली झाला. रॅम्सगेट येथील शिक्षण संपल्यावर त्याने काही वर्षे लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुख्य कचेरीत कारकुनी केली. १८५८ मध्ये, म्हणजे उठावाच्या धामधुमीनंतर कंपनीचे राज्य राणीच्या हाती जात असतानाच, त्याने लेखणी ठेवली आणि मद्रासच्या सातव्या हलक्या घोडदळात प्रवेश केला. त्या काळी लष्करी अधिकाऱ्याने छायाचित्रण शिकणे हा केवळ हौसेचा भाग राहिलेला नव्हता. मद्रास सरकारने ट्राइप या लष्करी अधिकाऱ्यास १८५६ मध्ये सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमले होते. ट्राइपने ब्रह्मदेशाच्या आपल्या दृश्यांच्या प्रती बंगळूरच्या छावणीतच छापून काढल्या होत्या. कागदावरील नकाशा आणि खानेसुमारीचा तक्ता यांच्या जोडीला छायाचित्र हे राज्यकारभाराचे तिसरे साधन होऊ पाहत होते, आणि हूपरची जडणघडण याच वातावरणात झाली.

त्याची पहिली मोठी कामगिरी मध्य हिंदुस्थानातील. १८६१ च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग याच्या आज्ञेवरून निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे घेण्याचे काम सुरू झाले आणि सागर येथे असलेल्या हूपरकडे त्या प्रदेशाचा भाग आला. जॉन फोर्ब्स वॉटसन व जॉन विल्यम के यांनी संपादित केलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांच्या ग्रंथात (१८६८–७५) यांतील चित्रे समाविष्ट झाली. या ग्रंथात ४६८ छायाचित्रे असून प्रत्येकाशेजारी त्या त्या समाजाच्या स्वभावाविषयी, उपयुक्ततेविषयी आणि राजनिष्ठेविषयी शेरे आहेत. चित्रातील माणूस तेथे स्वतःच्या नावाने उभा नसून जमातीचा नमुना म्हणून उभा आहे. साध्या पार्श्वभूमीपुढे, पुरेशा उजेडात, अवयवांची ठेवण स्पष्ट दिसेल अशा रीतीने माणसांना बसविण्याची पद्धत हूपरच्या हाताला येथे लागली. पुढे पंधरा वर्षांनी उपाशी माणसे समोर आली, तेव्हाही ती पद्धत बदलली नाही.

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी जॉर्ज वेस्टर्न या लष्करी पशुवैद्याशी भागीदारी करून हूपरने छायाचित्रांच्या विक्रीचा उद्योग आरंभिला. युरोपीय घरातील नोकरचाकर, व्यवसाय करणारे लोक, सण आणि शिकार असे त्यांचे विषय असत. वाघाच्या शिकारीची त्यांची मालिका विशेष गाजली. ही सर्व दृश्ये अर्थातच रचून उभी केलेली होती. कारण त्या काळच्या ओल्या काचेच्या प्रक्रियेत धावता वाघ टिपणे अशक्यच होते. काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि थर सुकण्यापूर्वी काळोख्या तंबूत नेऊन ते उमटवावयाचे, असा हा खटाटोप होता. समोरच्या माणसाला कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे. हूपरच्या दुष्काळी चित्रांकडे पाहताना ही तांत्रिक बाब विसरता येत नाही. ती चित्रे वाटेवर जाता जाता टिपलेली नाहीत. त्यांतील प्रत्येक माणसाला कोणीतरी बसविले आहे, हात कोठे ठेवावा हे सांगितले आहे आणि स्थिर राहण्यास फर्माविले आहे.

१८७६ च्या पावसाने दक्षिणेत दगा दिला. म्हैसूरच्या पूर्व भागात त्याआधीच्या वर्षीही पीक बेताचेच आले होते. त्या वेळी म्हैसूर संस्थान ब्रिटिश कमिशनरांच्या ताब्यात होते आणि कारभाराचे केंद्र बंगळूर होते. मद्रासहून बंगळूरपर्यंत लोहमार्ग १८६४ मध्येच आला होता, त्यामुळे धान्य बंगळूरला येऊन पोहोचे. परंतु तेथून पुढे ते बैलगाडीने न्यावयाचे, आणि वैरणीवाचून बैलच मरत होते. संस्थानात अडीच लाखांहून अधिक गुरे दगावली. साहजिकच धान्य गावांकडे जाण्याऐवजी गावे धान्याकडे निघाली. कोलार, तुमकूर, चित्रदुर्ग या भागांतून हजारो कुटुंबे बंगळूरच्या वाटेला लागली. शहरात अन्नछत्रे व निवारण छावण्या उघडण्यात आल्या. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच अनेकांनी रस्त्यात प्राण सोडले. १८७१ च्या खानेसुमारीत म्हैसूरची लोकसंख्या पन्नास लाखांहून अधिक होती. १८८१ मध्ये ती बेचाळीस लाखांच्या आत आली. कानडी व तमिळ मुलुखांत हा दुष्काळ धाता व ईश्वर या संवत्सरांच्या नावाने ओळखला जातो, आणि लोकगीतांतून त्याची आठवण पुढच्या पिढ्यांत उतरली.

या दुष्काळात निसर्गाइतकाच वाटा धोरणाचा होता. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेम्पल यास दक्षिणेत पाठविले, तो खर्च आवरण्याची सूचना देऊनच. टेम्पलने दुष्काळी कामावरील पुरुषाला रोज एक पौंड धान्य आणि एक आणा अशी मजुरी ठरविली. मद्रासचा आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश याने एवढ्या शिध्यावर कष्टकरी देह टिकणार नाही असे दाखवून दिल्यावर ती काहीशी वाढविण्यात आली. पुणे सार्वजनिक सभेने दख्खनच्या जिल्ह्यांत माणसे पाठवून दुष्काळाचे वृत्तान्त प्रसिद्ध केले आणि मजुरी कमी झाल्यामुळे कामे सोडून जाणाऱ्या मजुरांची बाजू मांडली. महात्मा जोतीराव फुले व सत्यशोधक समाज यांनी १८७७ मध्ये धनकवडी येथे भुकेल्या मुलांसाठी अन्नछत्र चालविले. त्याच टेम्पलची त्या वर्षी मुंबईच्या गव्हर्नरपदी नेमणूक झाली. अशा वेळी उपाशी देहाचे चित्र ही वादातील साक्ष होती: किती अन्नावर माणूस जगतो, हाच वादाचा मुद्दा होता.

हूपरची दुष्काळी छायाचित्रे या पार्श्वभूमीवर घेतली गेली. मद्रास भागातील निवारण छावण्यांतील रहिवासी, जमिनीवर आडवे झालेले वृद्ध, बरगड्या मोजता याव्यात अशी मुले आणि त्यांना धरून बसलेल्या माता त्यांत दिसतात. बंगळूरच्या दुष्काळपीडितांचे म्हणून प्रसिद्ध असलेले एक समूहचित्रही त्याच्याच नावावर आहे. त्याची रचना त्या काळच्या कौटुंबिक छायाचित्राची आहे: काही मागे, काही पुढे, मुले मध्ये. ही ओळखीची घडीच पाहणाऱ्याला अस्वस्थ करते, कारण घरच्या भिंतीवर लावण्यासाठी ज्या मांडणीत माणसे बसत, त्याच मांडणीत येथे मृत्यूच्या दारातील माणसे बसली आहेत. एका चित्राला, ही माणसे मोफत मदतीस पात्र आहेत, अशा अर्थाचे शीर्षक दिलेले आहे. सरकारी नियमानुसार काम करू शकणारा आणि न करू शकणारा यांची छाननी झाल्याखेरीज मदत मिळत नसे; छायाचित्राने जणू त्या छाननीवर शिक्का मारला. चित्रांखाली नावे नाहीत. जमातीचा नमुना होता, तसा आता उपासमारीचा नमुना तयार झाला.

तथापि या चित्रांचे कार्य छायाचित्रकाराच्या हेतूपुरते मर्यादित राहिले नाही. त्या काळी छायाचित्र जसेच्या तसे वृत्तपत्रात छापता येत नसे; लाकडी ठशावर कोरून त्याची प्रतिमा द्यावी लागे. १८७७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात बंगळूर येथे मदतीची वाट पाहणाऱ्या लोकांचे असे ठशाचे चित्र प्रसिद्ध झाले. लंडनच्या लॉर्ड मेयरने उघडलेल्या निधीकडे लोकांचे लक्ष वळण्यास अशा प्रतिमांचे साहाय्य झाले. कोरलेल्या चित्रात कोरणाऱ्याचा हात येतो आणि अतिशयोक्तीचा आक्षेप घेता येतो. हूपरच्या काचेवर उमटलेल्या बरगड्यांविषयी तसा आक्षेप घेणे कठीण होते. ज्या राज्ययंत्रणेचा तो नोकर होता, तिच्याच विरुद्ध ही चित्रे पुढे साक्षीस उभी राहिली. १८८० च्या दुष्काळ आयोगाचा अहवाल आणि त्यातून निघालेले दुष्काळविषयक नियम यांच्यामागे मृतांचे आकडे होते. त्या आकड्यांना देह आहेत हे या चित्रांनी दाखविले.

हूपरच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त प्रकरण यानंतर आठ वर्षांनी घडले. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रज फौजांनी मंडाले घेतले आणि थिबा राजाला पदच्युत केले. राजाची रवानगी पुढे रत्नागिरीस झाली व तेथेच १९१६ मध्ये त्याचा अंत झाला. या मोहिमेत कर्नल हूपर हा प्रोव्होस्ट मार्शल, म्हणजे फौजेतील शिस्त व शिक्षा यांचा अंमल करणारा अधिकारी होता. दरोडेखोर ठरविलेल्या ब्रह्मी कैद्यांना गोळ्या घालण्याचे काम त्याच्या देखरेखीखाली चाले. अशा एका प्रसंगी त्याने कॅमेरा सज्ज ठेवला आणि गोळ्या लागण्याच्या क्षणी कैद्यांचे चित्र घेण्याचा प्रयत्न केला. आता कोरड्या काचा आल्या होत्या आणि क्षण टिपणे तंत्राच्या आवाक्यात आले होते. ‘द टाइम्स’च्या वार्ताहराने १८८६ च्या जानेवारीत ही हकीकत कळविताच इंग्लंडात खळबळ उडाली, पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले आणि चौकशी झाली. हूपरला ठपका मिळाला. पण शिक्षा सौम्य होती. १८८७ मध्ये त्याचा ब्रह्मदेशावरील शंभर छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्धही झाला. १८९६ मध्ये तो निवृत्त झाला आणि १९१२ मध्ये डेव्हन परगण्यातील किल्मिंग्टन येथे वारला.

मंडालेच्या प्रकरणाने क्षुब्ध झालेल्या इंग्रज लोकमताला दुष्काळी चित्रांच्या बाबतीत छायाचित्रकाराला जाब विचारावासा वाटला नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वस्तुतः दोन्ही ठिकाणी मरणाच्या उंबरठ्यावरील, नकार देण्याची शक्ती नसलेला माणूस कॅमेऱ्यापुढे होता आणि कॅमेऱ्यामागे राज्यकर्त्यांचा अधिकारी होता. मंडालेत मृत्यूचा कर्ता डोळ्यांसमोर बंदूक घेऊन उभा होता. म्हैसूर-मद्रासेत मात्र मजुरीचे दर, निर्यात होणारे धान्य आणि उशिरा उघडलेल्या छावण्या चित्राच्या चौकटीबाहेर राहिल्या. पाहणाऱ्यास केवळ दैवाने मारलेली माणसे दिसली. दया उत्पन्न करणे या चित्रांना साधले. जबाबदारीचा प्रश्न उपस्थित करणे त्यांच्या चौकटीत बसत नव्हते. तो प्रश्न सार्वजनिक सभेच्या वृत्तान्तांनी व त्यांसारख्या लेखनाने विचारला.

हूपरनंतर आपत्तीचे चित्र घेणाऱ्यांची परंपरा वाढत गेली. १८९९–१९०० च्या दुष्काळात राजा दीनदयाळ यांनी निजामाच्या राज्यातील मदतकार्याची छायाचित्रे घेतली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांनी कॅमेरा हाती घेतला, तो राज्यकर्त्यांच्या बाजूने नव्हे, तर त्यांना जाब विचारण्यासाठी. १९४५ च्या ऑगस्टात नागासाकीवर अणुबाँब पडल्याच्या दुसऱ्या दिवशी योसुके यामाहाता यांनी जपानी लष्कराच्या आज्ञेवरून त्या शहराची छायाचित्रे घेतली. प्रचारासाठी मागविलेली ती चित्रे पुढे अणुयुद्धाविरुद्धचा पुरावा ठरली. आज्ञा एकाची आणि साक्ष दुसऱ्याची, असा हा विपर्यास हूपरच्या काचांपासूनच सुरू झालेला दिसतो.

म्हणूनच हूपरची चित्रे नाकारून चालत नाही आणि ती विश्वासाने स्वीकारूनही चालत नाही. त्यांतील माणसे धाता-ईश्वर संवत्सरांत खरोखरच उपाशी होती, एवढे त्यांतून निर्विवाद कळते. ती कोण होती, कोणत्या गावाहून चालत आली होती आणि चित्र घेऊन झाल्यावर त्यांच्या हातावर काय पडले, याविषयी हूपरच्या काचा मूक आहेत. दुष्काळाच्या अभ्यासकाला त्यासाठी कानडी व तमिळ लोकगीतांकडे, छावण्यांच्या नोंदींकडे आणि पुण्याच्या सभेने जमविलेल्या हकीकतींकडे वळावे लागते, आणि तेथून परतून ही चित्रे पुन्हा पाहावी लागतात.