हबशी सेनापती मलिक अंबर

गेल्या हिवाळ्यात सुखना तलावाच्या बांधावर आमचा धावण्याचा सराव चालू होता. मागे पडलेल्या एका काळ्या-सावळ्या मित्राला कुणीतरी हबशी म्हणून हाक मारली. सगळे हसले, मीही हसलो. सुट्टीत छत्रपती संभाजीनगरला गेल्यावर मी ही गंमत आजोबांना सांगितली. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खुलदाबादला एका कबरीपाशी नेले आणि तिथेच बसून एका हबशाची गोष्ट सांगितली.

हबश म्हणजे आजचा इथिओपिया. तिथे १५४८च्या सुमारास एक मुलगा जन्मला. त्याचे नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बाजारामागून बाजार आणि मालकामागून मालक बदलत तो बगदादला पोहोचला. तिथल्या मालकाने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही हबशी आणि पूर्वीचा गुलामच होता. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार आणि युद्धकला शिकला. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला. मग विजापूरच्या चाकरीत त्याने नाव कमावले आणि स्वतःची तुकडी बांधून तो निजामशाहीत परतला.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्य बुडाले असे सर्वांना वाटले. अंबरने मात्र निजामशाही घराण्यातल्या मुर्तझाला गादीवर बसवले आणि लढा चालू ठेवला. मोगलांकडे तोफा आणि प्रचंड फौज होती. अंबरकडे डोंगर, घाट आणि मराठ्यांचे चपळ घोडदळ होते. समोरासमोर लढाई टाळायची, रसद आणि वैरण तोडायची, रात्री छापा घालून पसार व्हायचे, ही त्याची रीत होती. हाच गनिमी कावा.

त्याने खडकी हे शहर वसवले आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणले. हेच आजचे छत्रपती संभाजीनगर. शेतसारा ठरवण्याची त्याची पद्धतही पुढे नावाजली गेली.

तो नेहमीच जिंकला असे नाही. १६१६ मध्ये रोशनगावाजवळ त्याचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी लुटून उद्ध्वस्त केली. तो पुन्हा उभा राहिला. बादशहा जहांगीराला त्याचा इतका राग होता, की अंबरच्या मस्तकावर आपण बाण मारत आहोत असे चित्रच त्याने काढून घेतले. प्रत्यक्षात अंबर कधीच त्याच्या हाती लागला नाही.

१६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. अहमदनगरजवळच्या भातवडीला अंबरने तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीभोवती पाणी आणि चिखल झाला, रसद आटली. त्यावर रात्रीच्या छाप्यांनी शत्रू हैराण झाला आणि शेवटी मोडला. शहाजीराजे भोसले या लढाईत अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी इथेच कामी आले. त्या वेळी अंबरचे वय सुमारे पंच्याहत्तर होते. दोन वर्षांनी, १६२६ मध्ये, तो वारला. तो गेल्यावर दहा वर्षांत निजामशाही संपली. त्याची युद्धरीत मात्र सह्याद्रीत टिकली आणि पुढे शिवाजी महाराजांनी तिला नवे तेज दिले.

आजोबांनी मला एका शब्दानेही रागावले नाही. पण कबरीसमोर उभे असताना माझी मान खाली गेली होती. जो शब्द मी चेष्टेत ऐकून हसलो होतो, त्याच नावाच्या माणसाने माझे गाव वसवले होते.

चंदीगडला परतल्यावर मी मित्राची माफी मागितली आणि आमच्या तुकडीला ही गोष्ट सांगितली. सुखनाच्या बांधावर आम्ही अजून धावतो. आता कुणी मागे पडला, की कुणीतरी वेग कमी करून त्याच्या सोबतीला थांबतो.