सत्यनिष्ठ सॉक्रेटीस

राज्य सुधारावयाचे असेल तर माणसाने आधी स्वतःस सुधारावे, ही शिकवण चीन देशात कन्फ्यूशिअसने दिली. तो इ. स. पूर्वी ४७९ मध्ये वारला. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी ग्रीस देशातील अथेन्स नगरीत सॉक्रेटीस जन्मास आला व त्यानेही आपल्या आचरणाने जगास हाच धडा घालून दिला. त्याचे अल्प चरित्र आम्ही येथे देत आहो.

सॉक्रेटिसाचे वडील पाथरवट होते व आई सुईण होती. पोटिडियाच्या मोहिमेत तो शिपाई म्हणून लढला. तेथील कडाक्याच्या थंडीतही तो अनवाणी हिंडे. एरव्ही तो बाजारपेठेत उभा राहून, न्याय म्हणजे काय, शौर्य म्हणजे काय, असे प्रश्न लहानथोरांस विचारी. ह्या शिकवणीबद्दल तो मोबदला घेत नसे. मात्र त्याच्या प्रश्नांनी अनेकांची विद्वत्तेची घमेंड उतरे, त्यामुळे त्यास शत्रूही पुष्कळ झाले.

इ. स. पूर्वी ४०६ मध्ये आर्गिनुसी येथील आरमारी लढाई अथेन्सने जिंकली. परंतु बुडणाऱ्या खलाशांस वाचविले नाही म्हणून सेनापतींचा एकत्र निवाडा करावा, असा लोकांनी हट्ट धरला. हे कायद्याविरुद्ध होते. सॉक्रेटीस त्या वेळी सभेच्या अध्यक्षमंडळात होता. लोकांच्या आरडाओरड्यास न जुमानता त्याने संमती नाकारली. पुढे ४०४ मध्ये तीस जुलमी पुरुषांच्या हाती सत्ता गेली. लिऑन नामक निरपराध गृहस्थास पकडून आणण्याचा हुकूम त्यांनी सॉक्रेटिसास व इतर चौघांस दिला. ते चौघे गेले. सॉक्रेटीस मुकाट्याने घरी परतला.

इ. स. पूर्वी ३९९ मध्ये, तो सत्तरीस आला असता, नगरीचे देव मानीत नाही व तरुणांस बिघडवितो, असे आरोप त्याच्यावर ठेवण्यात आले. पंचांनी बहुमताने देहान्ताची शिक्षा दिली. क्रिटो नामक मित्राने तुरुंगातून पळून जाण्याची तजवीज केली, परंतु सॉक्रेटिसाने ती नाकारली.

ज्याने जुलमी सत्तेचा हुकूम मोडला, त्याने हा अन्यायाचा निकाल का मानावा? आम्हांस ह्यात विसंगती दिसत नाही. तो हुकूम पाळणे म्हणजे दुसऱ्यावर अन्याय करणे होते. हा निकाल मानणे म्हणजे स्वतः अन्याय सोसणे होते. पहिले त्याने केले नाही, दुसरे त्याने पत्करले आणि विषाचा पेला शांत चित्ताने पिऊन टाकला.

विद्यार्थिमित्रहो, वर्गातील सर्व मुले एका निरपराध सोबत्यावर उलटली, तर आपण कोणाच्या बाजूस उभे राहू? ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याची तयारी शाळेतच करावयाची असते.